वाचकांचे प्रश्न : हळद ट्रकने पाठवावी की जहाजाने?

गेल्या अंकात याच पानावर मी २०२५च्या किनारी नौवहन कायद्याविषयी लिहिलं होतं. देशाच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल नेणाऱ्या भारतीय जहाजांना आता वेगळा व्यापार परवाना लागत नाही, परदेशी जहाजांना मात्र लागतो, हा त्याचा गाभा. त्यावर सांगली, मिरज, कराडकडून आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. माझी नोकरी जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली, आता विश्रामबागेत राहतो. त्यामुळे इंधन आणि धूर यांवर मी जास्त लिहिणार. भाड्याचे रोजचे दर मार्केट यार्डातल्या मंडळींना माझ्याहून चांगले ठाऊक आहेत.

प्रश्न : तासगावात माझा बेदाण्याचा आणि सांगलीत हळदीचा व्यापार आहे. कोचीला नेहमी माल जातो, आजवर सगळा ट्रकने. आता एक एजंट म्हणतो, न्हावाशेवाहून कंटेनर जहाजावर टाका, भाडं कमी पडेल आणि प्रदूषण पाचपट कमी होईल. साहेब, यात खरं किती? (एक व्यापारी, तासगाव)

हे ‘पाचपट’ कुठून आलं ते आधी सांगतो. जलमार्गांच्या सरकारी पत्रकांत वर्षानुवर्षं एक आकडा छापला जातो : एक लिटर इंधनात एक टन माल रस्त्याने २४ किलोमीटर जातो, रेल्वेने ८५ आणि पाण्यावरून १०५. एजंट लोक हाच आकडा फिरवतात. तो तुमच्या गाडीला लागू पडतो का, हे तुमच्याच गाडीवर तपासू.

गाडीत १६ टन हळद आहे आणि भरलेली गाडी लिटरला ४ किलोमीटर देते असं धरा. एका लिटरमध्ये १६ चोक ६४ टन-किलोमीटर झाले. पत्रकातल्या २४च्या हे अडीचपटीहून जास्त आहे, कारण तो आकडा आजच्या मोठ्या, भरून चालणाऱ्या गाड्यांचा नाही. सांगली ते कोची, कोणता रस्ता धरता त्यावर थोडं कमी-जास्त, हजार किलोमीटर. म्हणजे २५० लिटर डिझेल. एक लिटर जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. सगळे मिळून ६७५ किलो, हळदीच्या टनामागे ४२ किलो.

आता समुद्राचा मार्ग. हळदीला जायचंय दक्षिणेला आणि आपण तिला आधी पुणेमार्गे ३६० किलोमीटर उत्तरेला न्हावाशेवापर्यंत नेणार. त्याच मापाने टनामागे १५ किलो. तिथून कोची समुद्रातून सुमारे १,०८० किलोमीटर. मध्यम आकाराचं, बऱ्यापैकी भरलेलं कंटेनर जहाज टन-किलोमीटरला साधारण २० ग्राम कार्बन डायऑक्साइड सोडतं असं धरू. त्याचे २२ किलो. दोन्ही बंदरांतल्या क्रेन, यार्डातली हलवाहलव आणि कोचीत गोदामापर्यंतचा रस्ता, यांचे ३ किलो. बेरीज ४०.

रस्त्याने ४२, समुद्राने ४०. पाचपट तर सोडाच, हा फरक गाडीचा ड्रायव्हर कसा गाडी हाकतो त्यात निघून जाईल.

यात रिकाम्या फेरीचा हिशेब अजून धरलेला नाही, आणि तो दोन्हीकडे आहे. तुमची गाडी कोचीहून रिकामी परतली तर रस्त्याचा आकडा दीडपटीच्या पुढे जातो. पण पेरुंबावूरचं प्लायवूड, काथ्या, मसाले असा परतीचा माल धरणारे ट्रान्सपोर्टवाले तुमच्या ओळखीत असणारच. कंटेनरचं उलट आहे. आपल्या भागात आयातीचा माल थोडा उतरतो, म्हणून रिकामा कंटेनर पुष्कळदा न्हावाशेवाहून ट्रेलरवर वर आणावा लागतो. ते डिझेल कोणी जाळलं हे बिलात दिसत नाही, पण जळलेलं असतं. एजंटाला पहिला प्रश्न हाच विचारा : रिकामा कंटेनर कुठून येणार?

मग हेच गणित गुजरातमधल्या मोरबीच्या टाइल्सवाल्यांना का परवडतं? मोरबीहून कांडला किंवा मुंद्रा दोनशे किलोमीटरच्या आत आहे आणि रस्त्याने कोची दोन हजारांच्या जवळ. तिथे रस्त्याने टनामागे ८० किलो येतात आणि समुद्राने त्रेचाळीसच्या आसपास. निम्मा फरक. टाइल जड, स्वस्त, न नासणारी आणि सतत जाणारी. अंबुजा सिमेंटने १९९०च्या दशकापासून गुजरातच्या किनाऱ्यावरून सुटं सिमेंट स्वतःच्या जहाजांनी न्यायला सुरुवात केली तीही याच कारणाने. कारखाना समुद्राला लागून आहे. किनारी वाहतुकीतला एक मोठा माल म्हणजे कोळसा : ओडिशात पारादीपला जहाजात चढतो आणि तामिळनाडूत वीज केंद्राच्या दारात उतरतो.

सांगलीला समुद्राचा फायदा हवा असेल तर बंदर जवळ हवं. जयगड आपल्यापासून आंबा घाट उतरून दोनशे किलोमीटरच्या थोडं पुढे आहे. तिथून कोचीला ठरलेल्या वारी कंटेनर जहाज सुटत असतं तर वरच्या मापाने टनामागे ३० किलोत काम झालं असतं. तो फरक खरा असता. पण जयगडचं काम मुख्यतः कोळसा, खनिजं अशा घाऊक मालाचं आहे. कंटेनरच्या जहाजाला आठवड्याला ठरावीक माल जमेल याची खात्री लागते, आणि जहाज येत नाही तोवर माल जमत नाही. ही कोंडी सांगली, कोल्हापूर, कराडच्या व्यापाऱ्यांनी एकत्र बसून माल नोंदवला तरच फुटेल, असं माझं मत आहे.

पैशाचं पाहा. बेदाणा किलोला २०० रुपये धरला तर १६ टनांत तुमचे ३२ लाख अडकतात. वर्षाला १० टक्के व्याजाने रोजचे ८७७ रुपये. ट्रक तीन दिवसांत पोचतो. समुद्राने यार्डात थांबणं, जहाजाची वाट, पलीकडे सोडवणूक असे दहा दिवस सहज जातात. सात दिवसांचे सहा हजारांच्या वर झाले. भाड्यात वाचलेल्या रकमेतून ते आधी वजा करा.

आणि बेदाणा साध्या कंटेनरने पाठवू नका. तुम्ही तो रंग टिकावा म्हणून कोल्ड स्टोरेजला ठेवता. एप्रिलच्या उन्हात डेकवर वरच्या थराला लागलेल्या लोखंडी पेटीत तो आठवडाभर भाजला तर हिरवा बेदाणा तांबूस होऊन उतरेल. थंड कंटेनर घेतला तर त्याची वीज जहाजाच्या जनरेटरवरूनच येते, म्हणजे भाडंही वाढलं आणि धूरही. हळदीला जहाज सोसतं. मात्र दिवसा तापून रात्री गार झालं की कंटेनरच्या छताला आतून पाणी सुटतं आणि ते पोत्यांवर ठिबकतं. ओल शोषणाऱ्या पिशव्या छताजवळ टांगून घ्या, पोती पूर्ण वाळलेल्या हळदीचीच भरा आणि पहिली खेप पावसाळा टाळून पाठवा.

प्रश्न : सर, मी सांगलीत मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जहाजाचं इंधन सगळ्यात घाण असतं असं वाचलं. मग किनारी जहाजवाहतुकीला हरित कसं म्हणतात? (एक विद्यार्थिनी, सांगली)

तू वाचलंस ते खरं आहे, आणि हरित म्हणणारेही पूर्ण खोटं बोलत नाहीत. ते कार्बनबद्दल बोलतात, तू गंधकाबद्दल वाचलंस. दोन्ही एकाच धुराड्यातून बाहेर पडतात, पण त्यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

मी ज्या जहाजांवर काम केलं तिथे मुख्य इंजिनाला जड तेल मिळायचं. थंड असताना ते डांबरासारखं. टाकीत वाफेच्या नळ्यांनी तापवायचं, तेल स्वच्छ करणाऱ्या प्युरिफायरला देताना शंभर अंशांच्या जवळ न्यायचं, इंजिनात फवारण्याआधी त्याहून वर. रिफायनरीत पेट्रोल, डिझेल काढून घेतल्यावर तळाला जे उरतं ते हे तेल. म्हणून ते स्वस्त, आणि म्हणूनच त्यात गंधक. २०१९च्या अखेरपर्यंत जगभर खुल्या समुद्रात साडेतीन टक्क्यांपर्यंत गंधक चालायचं. १ जानेवारी २०२०पासून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ती मर्यादा अर्ध्या टक्क्यावर आणली. आमच्या धंद्यात इतका मोठा बदल एका तारखेला क्वचितच झाला असेल. आता तेल घेताना त्याच्या पावतीवर गंधकाचा आकडा असतो आणि सीलबंद नमुना जहाजावर जपून ठेवावा लागतो.

आता तुझ्या शहरातल्या पंपावरचं डिझेल बघ. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६, म्हणजे दहा लाख भागांत १० भाग गंधक. जहाजाचं अर्धा टक्का म्हणजे दहा लाखांत ५,०००. एकाच वर्षी दोन्ही नियम आले आणि दोघांत पाचशे पटींचं अंतर राहिलं.

वरच्या उत्तरातली हळदच घे. ट्रकने कोचीला एक टन न्यायला सुमारे १३ किलो डिझेल लागलं, त्यात गंधक ०.१३ ग्राम. जहाजाला समुद्राच्या टप्प्यात टनामागे ७ किलो तेल लागलं, मर्यादेइतकं गंधक धरलं तर ३५ ग्राम. इंधन निम्मं, गंधक अडीचशे पटींहून जास्त. जुन्या साडेतीन टक्क्यांच्या तेलात हेच २५० ग्रामच्या जवळ गेलं असतं, म्हणजे २०२०च्या नियमाने खूप काही साधलं. बाल्टिक आणि उत्तर समुद्रात २०१५पासून मर्यादा ०.१ टक्का आहे, भूमध्य समुद्रातही १ मे २०२५पासून तीच लागू झाली. त्या तेलावर आपली हळद गेली तर ७ ग्राम. भारताच्या किनाऱ्यालगत असं क्षेत्र अजून नाही. किनारी जहाज आपला सगळा प्रवास जमिनीच्या जवळून करतं, त्याचा धूर वाऱ्याने वस्तीवर येतो. महासागर ओलांडणाऱ्या जहाजापेक्षा त्याला कडक नियम हवा, असं मला ठामपणे वाटतं.

शिवाय जहाज बर्थला, म्हणजे बंदराच्या धक्क्याला, लागलं तरी शांत नसतं. मुख्य इंजिन बंद, पण जनरेटर अखंड चालू : दिवे, पंप, थंड कंटेनर, खलाशांचं स्वयंपाकघर. तो धूर न्हावाशेवाजवळच्या उरणच्या लोकांच्या नाकात जातो. यावरचा उपाय साधा आहे : किनाऱ्यावरून केबल टाकून जहाजाला वीज द्यायची. अडचण इंजिनिअरिंगची आहे, म्हणून तुला सांगतो. आपली वीज ५० हर्ट्झवर चालते आणि बरीच जहाजं ६० हर्ट्झवर, म्हणजे मध्ये बदलणारी यंत्रणा हवी. किनारी जहाजं मात्र त्याच त्या चार-पाच बंदरांत फिरतात. त्यांच्यासाठी बर्थ ठरवून हे काम सगळ्यात आधी करता येईल. तुझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला याहून चांगला विषय मला सुचत नाही. एका लहान जहाजाचा बर्थवरचा विजेचा भार घे आणि हिशेब मांड.

एक सावधगिरी. धुराड्यात स्क्रबर बसवून धूर पाण्याने धुतला की जुनंच तेल वापरता येतं. पण उघड्या पद्धतीच्या स्क्रबरचं धुतलेलं पाणी समुद्रात सोडतात. हवेतलं पाण्यात गेलं, इतकंच. उथळ किनाऱ्याजवळ आणि खाडीच्या तोंडाशी ते मला मान्य नाही.

प्रश्न : माझ्या चार गाड्या आहेत. डिझेलवर कर आम्ही भरतो, टोल आम्ही भरतो, बीएस-६ गाडी महाग घेतली, वर तिचा धूर स्वच्छ करायला लागणाऱ्या युरियाचा खर्च. आणि सरकार सवलती देणार जहाजांना, ती हरित म्हणून. हा न्याय आहे का? (एक ट्रकमालक, कराड)

तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे.

आधी तुमच्या बाजूचं. कार्बनला टनामागे २,००० रुपये भाव लावला असं समजा. लिटरभर डिझेलचे २.७ किलो, म्हणजे साडेपाच रुपयांच्या आत. डिझेलवर केंद्राचा आणि राज्याचा मिळून कर तुम्ही त्याहून कितीतरी जास्त आजच भरता. गंधकाचंही तुम्ही फेडलं आहे, महाग इंधन आणि महाग गाडी घेऊन. ‘ट्रक पर्यावरणाचं काहीच देत नाही’ असं कोणी म्हणालं तर ते चूक आहे, आणि मी हे जहाजावर आयुष्य काढलेला माणूस म्हणून सांगतो.

पण बिलात न येणारे दोन खर्च तुमच्या बाजूलाही आहेत. पहिला अपघातांचा. २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली. त्यातली सगळी ट्रकने गेली असं अजिबात नाही, पण महामार्गावर जड वाहन असलं की अपघात जीवघेणा होतो. खंबाटकीतून आणि कुंभार्लीतून रात्री उतरणाऱ्या तुमच्या ड्रायव्हरला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दुसरा रस्त्याच्या झिजेचा. रस्ता किती खराब होतो हे अॅक्सलवरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. अॅक्सलवर २० टक्के जादा वजन टाकलं तर झीज दुप्पट होते. जो ओव्हरलोड भरतो तो त्याचा खड्डा तुम्हा सगळ्यांच्या टायरवर टाकतो.

आता जहाजाचं. किनारी जहाजाला स्वच्छ तेल सक्तीचं केलं आणि ते किलोला १० रुपयांनी महाग पडलं असं धरा. कोचीच्या हळदीवर टनामागे ७० रुपये, किलोला सात पैसे. हळदीच्या व्यापाऱ्याला ते जाणवणारसुद्धा नाही. मोरबीच्या टाइलवर, प्रवास लांब असल्याने, टनामागे ११० रुपये. आणि तीच टाइल समुद्राने गेल्यामुळे टनामागे ३७ किलो कार्बन वाचला, त्याची किंमत २,००० रुपयांच्या भावाने ७४ रुपये, पण ती आज जहाजवाल्याला कोणी देत नाही. म्हणजे त्याने गंधकाचं बिल भरायचं आणि कार्बनचं येणं सोडून द्यायचं. टाइल, सिमेंट, मीठ यांत नफा टनामागे थोडक्या रुपयांचा. तिथे ११० रुपयांनी तोल जाऊन माल परत रस्त्यावर येऊ शकतो, आणि तो आला की धूर कमी करण्यासाठी केलेल्या नियमाने धूर वाढलेला असेल.

ही भीती मी कल्पनेने सांगत नाही. २०१५मध्ये बाल्टिक आणि उत्तर समुद्रात ०.१ टक्क्याचा नियम आला तेव्हा स्वीडन आणि फिनलंडच्या कागद-लाकूड उद्योगाने हेच सांगितलं होतं : माल ट्रकवर जाईल. प्रत्यक्षात नेमक्या त्याच वेळी जगात तेलाचे भाव कोसळले आणि भीती होती तितका माल वळला नाही. दर वेळी तेल असं मदतीला येईलच याची खात्री नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की जहाजाला ‘हरित’ या शब्दासाठी एक रुपयाही देऊ नये. वाचलेल्या कार्बनचे, टळलेल्या अपघातांचे आणि न झिजलेल्या रस्त्याचे पैसे मोजून द्यावेत, आणि गंधकाचे मोजून घ्यावेत. ट्रकलाही तीच फूटपट्टी. परतीचा माल धरून गाडी भरलेली चालवणारा तुमच्यासारखा माणूस त्या फूटपट्टीवर आजच्यापेक्षा चांगला ठरेल. जिथे जहाज वरच्या हिशेबात ४२ला ४० येतं, तिथे सरकारने ते ओढूनताणून समुद्रावर नेण्यात अर्थ नाही. जिथे ८०ला ४३ येतं तिथे मात्र चांगलं तेल आणि बर्थवरची वीज या दोन अटी घालून मदत करावी.

इटलीने एक गोष्ट शहाणपणाने केली. त्यांच्या ‘इकोबोनस’ योजनेत जहाजाने ट्रक नेल्याबद्दलचे पैसे ट्रकवाल्याला मिळत. ज्याच्या हातात माल असतो त्यालाच समुद्राकडे वळण्याचं कारण दिलं. आपल्याकडे कोकण रेल्वेने जानेवारी १९९९मध्ये कोलाडहून भरलेले ट्रक थेट वाघिणीवर चढवून न्यायला सुरुवात केली ती याच विचाराची. ड्रायव्हरला विश्रांती, टायर वाचले, घाट टळला, आणि माल शेवटपर्यंत मालकाच्याच ताब्यात. समुद्राचा माल कराडच्या गोदामापासून बंदरापर्यंत आणि पलीकडच्या बंदरापासून दुकानापर्यंत तुम्हीच नेणार आहात. पुढे कधी योजना आलीच तर पैसे त्या टप्प्यालाही हवेत, एवढी मागणी तुमच्या संघटनेने आत्तापासून लावून धरावी.

प्रश्न : पूर्वी कराडचा माल कुंभार्लीने उतरून दाभोळच्या बंदरात जायचा असं वडील सांगत. ते सगळं का संपलं? (एक ज्येष्ठ वाचक, कराड)

काका, थोडक्यात लिहितो. वाशिष्ठीसारख्या खाड्या गाळाने उथळ झाल्या, जहाजं मात्र मोठी होत गेली. पावसाळ्यात कोकणातली लहान बंदरं बंद राहत, व्यापाऱ्याला बारा महिने चालणारा रस्ता सोयीचा वाटू लागला. आणि घाटमाथ्यावरचा माल रेल्वेने मुंबईकडे ओढला. कराड-चिपळूण आणि कोल्हापूर-वैभववाडी हे लोहमार्ग झाले असते तर देशावरचा माल पुन्हा सरळ खाली उतरला असता. इतकी वर्षं ते चर्चेतच आहेत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण आपल्या भागासाठी कोणत्याही बंदरापेक्षा हे दोन मार्ग जास्त मोलाचे आहेत.

या किनाऱ्यावरची स्पर्धा कधीच केवळ खर्चावर ठरली नाही, हेही लक्षात घ्या. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला ज्यांचं नाव आहे त्या वालचंद हिराचंदांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१९मध्ये सिंदिया ही जहाज कंपनी काढली. तेव्हा ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून तिला बुडवायचा प्रयत्न केला. किनारी व्यापार भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावा असं विधेयक साराभाई हाजींनी १९२८ला मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलं. तो हक्क मिळायला स्वातंत्र्य यावं लागलं.

प्रश्न : माझं माहेर डहाणूचं, मच्छीमार कुटुंबातलं. सासर मिरजेला. इथे सगळे वाढवण बंदराचं कौतुक करतात, तिकडे घरचे रडतात. माल स्वस्त जाईल हे ठीक, पण त्याची किंमत माझ्या भावांनी का द्यायची? (एक वाचक, मिरज)

ताई, वर मी ग्राम आणि पैसे मोजले, पण तुमच्या भावांचं नुकसान त्या बेरजेत कुठेच आलेलं नाही. हे लपवून उत्तर देता येणार नाही.

वाढवणला केंद्राने जून २०२४मध्ये मंजुरी दिली, खर्च ७६,२२० कोटी रुपये. तिथे मोठी जहाजं लागतील इतकी नैसर्गिक खोली किनाऱ्याजवळ आहे, म्हणून ती जागा. पण डहाणू तालुका १९९१पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे, आणि १९९८मध्ये तिथल्या प्राधिकरणाने याच जागेचं बंदर नाकारलं होतं. चौदाशे हेक्टरांहून जास्त जागा समुद्रात भर घालून तयार होणार आहे. तिथे मासे विणीला येतात, तिथेच भावांची जाळी पडतात.

बंदर झाल्यावरचा धोका वेगळा. २५ मे २०२५ला एमएससी एल्सा ३ हे जहाज विळिंजमहून कोचीला जाताना केरळजवळ बुडालं. किनाऱ्यालगतचा छोटा प्रवास, सहाशेचाळीस कंटेनर. काहींत पाण्याशी आलं की पेटता वायू सोडणारं कॅल्शियम कार्बाइड, जहाजाच्या टाक्यांत डिझेल आणि जड तेल. नंतर कित्येक दिवस प्लॅस्टिकचे बारीक पांढरे दाणे किनाऱ्यावर येत राहिले आणि मच्छीमारांना त्या पट्ट्यात जाऊ नका असं सांगितलं गेलं. केरळ सरकारने साडेनऊ हजार कोटींच्या भरपाईसाठी उच्च न्यायालयात दावा लावला. दावा सरकार लावू शकतं. जाळं घरी ठेवून बसलेल्या माणसाला त्या आठवड्यात तांदूळ कोण देणार?

माझ्या मते प्रत्येक कंटेनरमागे बंदराने ठरावीक रक्कम मच्छीमारांच्या निधीत आधीच जमा करावी, अपघाताची वाट न पाहता. मासेमारी बंद राहील तो प्रत्येक दिवस मोजून ती नावेच्या मालकाला आणि खलाशालाही मिळावी, मासळी विकणाऱ्या बाईलाही. तिचं नाव बहुतेक कोणत्याच यादीत नसतं. अशा रकमेने तासगावच्या बेदाण्याचं भाडं किलोमागे काही पैशांनी वाढेल. ते सांगलीच्या व्यापाऱ्याने द्यावं असं मला वाटतं, आणि वरच्या पत्रलेखकांना ते अवघड जाईल असं मला वाटत नाही.

तुम्ही एक करा. घरच्यांना आत्तापासून रोजची मासळी लिहून ठेवायला सांगा : तारीख, जागा, जात, वजन, लिलावाचा भाव. सोसायटीची पावती जोडा. डिझेलची बिलंही फेकू नका. पुढे भरपाईचा प्रश्न आला की अधिकारी पहिला कागद तोच मागतात, आणि ज्यांच्याकडे नोंद असते त्यांचंच नुकसान मोजलं जातं.